वाळूजचा ऑपरेटर बोलतो, मग एमबीएवाला का अडखळतो?

नीटचे क्लास सोडले तर मराठवाड्यात सगळ्यात जास्त फ्लेक्स कशाचे असतील तर ते कॉन्फिडन्सचे. संभाजीनगर घ्या, लातूर घ्या, नाहीतर उदगीर-देगलूरचं बसस्टँड घ्या, टाय घातलेला एक पोरगा हात पुढं करून उभा असतो आणि खाली लिहिलेलं असतं, इंग्लिश स्पीकिंग, स्टेज डेअरिंग, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, फी हप्त्यात भरण्याची सोय. आता खाजगी क्लासवाल्यानं काय विकावं हा त्याचा प्रश्न. पण हाच माल आता कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये, सरकारी स्किलच्या योजनांमध्ये, उद्योजकता शिबिरांमध्ये पण खपायलाय, आणि तिथं पैसा तुमचा-माझा आहे म्हणून बोलावं लागतंय.

माझं म्हणणं असं आहे की धंद्यात चारचौघांसमोर नीट बोलता येणं हे पर्सनॅलिटीचं काम नाहीच. स्वतः केलेलं काम, त्या कामाचे आकडे, आणि त्यावर उलटे प्रश्न झेलायची सवय, एवढ्यातून ते येतं. आणि ही सवय एकट्या पोरानं आरशासमोर उभं राहून लागत नसते, ती लावावी लागते, कॉलेजनं, कंपनीनं, बँकेनं. ते कोणी करत नाही आणि मग दोष कोणाचा, तर पोराच्या कॉन्फिडन्सचा.

ज्यांनी संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा नाहीतर शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत क्वालिटी सर्कलचं प्रेझेंटेशन बघितलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. ही मूळची जपानची पद्धत, १९६२ ला तिथं सुरू झाली, काओरू इशिकावा हे त्यामागचं मोठं नाव. आपल्या देशात १९८० च्या सुमारास हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीत ती आली आणि १९८२ ला क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. एकाच लाईनवरची पाच-सहा माणसं एकत्र बसतात, आपल्याच मशीनवरची एखादी कटकट निवडतात, तिचं कारण शोधतात, उपाय करतात, परिणाम मोजतात, आणि मग स्टेजवर येऊन सगळ्यांना सांगतात. सांगणारा कोण, तर आयटीआय झालेला, गंगापूर नाहीतर पैठण तालुक्यातून रोज कंपनीच्या बसनं येणारा ऑपरेटर. तो मराठीत बोलतो, मधेमधे फिशबोन, व्हाय-व्हाय (दोन्ही कारण शोधायच्या पद्धती), रिजेक्शन, बिफोर-आफ्टर असले शब्द सहज येतात कारण ते त्याच्या रोजच्या कामाचे आहेत. "आधी वाटलं टूलच खराब आहे, टूल बदललं तरी फरक पडंना गेला, मग फिक्श्चर उघडून बघितलं तर लोकेटिंग पिन घासलेली." आता हे ऐकताना कोण झोपेल सांगा. जज विचारतात, कशावरून परत होणार नाही, तर तो म्हणतो सर पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, बसवलंय, पार्ट उलटा बसतच नाही, या बघून घ्या. या बघून घ्या! ह्याला म्हणतात कॉन्फिडन्स. त्याचा शर्ट इस्त्रीचा आहे का, हात खिशात आहेत का, कोणाला आठवत पण नाही.

आता तिथंच वरच्या मजल्यावर कॉन्फरन्स रूममध्ये चला. हे कुठल्या एका कंपनीचं नाही, इकडं सप्लायरच्या मीटिंगला बसणाऱ्या कोणालाही विचारा, थोड्याफार फरकानं असंच सांगेल. एका छोट्या युनिटचा मालक आणि पुण्याहून एमबीए करून आलेला त्याचा पोरगा नवीन ऑर्डरसाठी आलेत. पोरानं चाळीसएक स्लाईड केल्यात. पहिली वेलकम, दुसरी अबाउट अस, मग व्हिजन, मग मिशन, मग दोन गोऱ्या माणसांनी हात मिळवल्याचा फोटो. समोर बसलेले पर्चेस मॅनेजर नांदेडचे, क्वालिटीवाले अंबडचे, स्टोअरवाले पाटोद्याचे, आत्ता चहा पिताना सगळे मराठीत पाऊसपाण्याचं बोलत होते, आणि प्रोजेक्टर लागला की सगळ्या खोलीची भाषा बदलली. पोरगा वाचायलाय, साहेब मोबाईल बघायलेत. मधेच कोणीतरी विचारतं, मागच्या सहा महिन्यांत तुमचं रिजेक्शन पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख नगांमागं, किती होतं? पोरगा बापाकडं बघतो. आणि मागच्या खुर्चीवर गप्प बसलेला बाप दोन वाक्यात सांगून टाकतो, किती होतं, कोणत्या महिन्यात वाढलं, का वाढलं, काय केलं. साहेबांचा मोबाईल खाली जातो. खरी मीटिंग तिथून पुढं चालू होते. पोराला बोलायला येत नाही असं नाहीये हो, मित्रांत बसला की तोच गडी दोन तास पोट धरून हसवतो. त्याच्याकडं सांगायला स्वतःचं काहीच नाही ही खरी अडचण.

क्लासमध्ये मात्र त्याला सांगितलेलं असतं की ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो, ५५ टक्के देहबोली, ३८ टक्के आवाज आणि फक्त ७ टक्के शब्द. हे आकडे ऐकले नसतील असा एकही ट्रेनिंग घेतलेला माणूस मला भेटला नाही. आले कुठून ते पण बघा. अल्बर्ट मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये केलेल्या प्रयोगांतून. त्यात सुटे-सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही हे ओळखायला सांगितलं होतं. म्हणजे भावना आणि शब्द एकमेकाशी जुळत नसतील तर माणूस कशावर विश्वास ठेवतो एवढाच तो मुद्दा. हे सगळ्या संवादाला लागू नाही असं मेहराबियननं स्वतःच सांगून ठेवलंय. आणि साधी अक्कल लावा ना, धंद्यात शब्दांची किंमत ७ टक्के असती तर कंपन्यांनी कोटेशन मागवलंच नसतं, फोटो मागवला असता. तीच गत पॉवर पोजची, दोन मिनिटं रुबाबदार, ऐसपैस पोज घेतली की शरीरातले हार्मोन बदलतात असं २०१० च्या एका अभ्यासात आलं, व्हिडिओ जगभर फिरला, आणि २०१५ मध्ये जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग परत केला तर हार्मोनमध्ये काही फरकच दिसला नाही. आपल्याकडं अजून शिकवायलेत.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. उभं राहिलं की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातातला कागद थरथरतो, हे सगळ्यांना होतं आणि मोठमोठ्यांना होतं. पण याच्यावर दोन कामाच्या गोष्टी अभ्यासातून आल्यात त्या क्लासमध्ये कोणी सांगत नाही. २००३ च्या एका अभ्यासात केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी दाखवलं की बोलणाऱ्याला वाटतं आपली घबराट सगळ्यांना दिसायलीय, पण ऐकणाऱ्यांना ती तेवढी जाणवत नसते, आणि गंमत म्हणजे ही गोष्ट नुसती आधी समजावून सांगितली तरी लोक जास्त चांगले बोलले. दुसरं, ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ चा अभ्यास, त्यात "शांत हो, शांत हो" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला जोर चढलाय" असं स्वतःला सांगणारे भाषणात सरस ठरले. का, तर धडधड दोन्हीकडं सारखीच असते, ती दाबायला ताकद लागते, वळवायला कमी लागते. हे समजावून सांगायला अर्धा तास पुरतो. त्यासाठी तीन महिन्यांचा कोर्स कशाला पाहिजे?

आता शाळेचं बोलू, कारण मुळात घोळ तिथूनच आहे. दहावीला भाषा विषयांत तोंडी आणि अंतर्गत मिळून २० मार्क असतात. कागदावर बघितलं तर किती छान, पोरगं उभं राहणार, बोलणार, कोणीतरी ऐकणार. प्रत्यक्षात काय होतं ते मराठवाड्यातल्या कुठल्याही मास्तरला खाजगीत विचारा. २०१९ ला हे अंतर्गत मार्क काढले तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली, मार्क परत दिले, आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के. नवीन अभ्यासक्रम होता, बाकीची पण कारणं असतील, मान्य. पण ज्या वीस मार्कांसाठी पोराचं तोंड उघडून बघायचं ते मार्क आपण निकालाचा टेकू म्हणून वापरतो हे लपून राहिलेलं नाही. पुढं लातूर पॅटर्न, म्हणजे प्रवेश परीक्षांसाठी घोटून घ्यायची लातूरची पद्धत. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, त्या पॅटर्ननं कोरडवाहू शेतकऱ्याची पोरं डॉक्टर-इंजिनिअर केलीत, ही लहान गोष्ट नाही. पण दोन वर्षं गोल काळे करणाऱ्या पोराला कोणी एकदा पण विचारत नाही की हे उत्तर तुला कसं सुचलं, उभा राहून सांग. मग इंजिनिअरिंगला सेमिनार नावाचा विषय येतो, नेटवरून उचललेली पीपीटी, एक्स्टर्नलचे म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाचे दोन प्रश्न, नाश्ता, सही. आणि असा सोळा-सतरा वर्षं गप्प बसवलेला माणूस मुलाखतीत अडखळला की आपण म्हणणार, मराठवाड्याची पोरं हुशार आहेत हो, पण कम्युनिकेशनमध्ये मार खातात.

कार्यक्रमांचं तर विचारूच नका. नवउद्योजकांचा मेळावा असतो, पत्रिकेत लिहिलेलं असतं की यशस्वी उद्योजक अनुभव सांगतील. अकराचा कार्यक्रम साडेबाराला, मग दीपप्रज्वलन, मग स्टेजवरच्या पंधरा जणांना शाल-श्रीफळ, प्रास्ताविक अर्धा तास, पाहुण्यांना पुढं लग्नाला जायचं असतं म्हणून त्यांचं भाषण आधी, आणि ज्याच्यासाठी सगळे आलेत त्या डाळमिलवाल्या पोराला सांगतात, दादा पाच मिनिटात आवरा, जेवण थंड व्हायलंय. माईक वरून खाली येतच नाही आमच्याकडं. बायांच्या वाट्याला तर अजूनच कमी. बचत गटाची अध्यक्ष असलेली अक्का, पापड-मसाल्याचा सगळा हिशोब तिच्या डोक्यात, कच्च्या मालाचा भाव, मजुरी, पॅकिंग, उधारी कोणाकडं किती, सगळं तोंडपाठ. अधिकारी आले की माईक कोणाच्या हातात, तर गावातल्या कुठल्यातरी भाऊच्या, आणि अक्का मागं हात जोडून उभी. स्थानिक संस्थांत बायांना ५० टक्के आरक्षण २०११ ला आलं तरी सरपंचपती नावाचा प्राणी अजून आहेच की. तिला स्टेज डेअरिंगचा कोर्स देऊन काय करता, तिच्या हातात माईक द्या आणि भाऊला खाली बसवा.

इंग्लिशवाले आता म्हणतील, हे सगळं ठीक, पण पुढं जायचं तर इंग्लिश लागतंच. लागतं, कोण नाही म्हणतंय. शेंद्र्याला ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात कोरियन कंपनी आलीय, स्कोडा तर २००१ पासून आहे, एक्सपोर्ट करायचा तर मेल इंग्लिशमध्येच जाणार. पण कोरियाचा, जपानचा इंजिनिअर कधी बोलताना ऐकलाय का? तो पण तुटकच इंग्लिश बोलतो आणि ड्रॉइंगवर बोट ठेवून नेमकं बोलतो, आणि आपण त्याचं सगळं मान खाली घालून ऐकतो, त्याला कोणी नाही म्हणत की तुझं ग्रामर चुकलं. आपल्याकडं ही खोड जुनी आहे असं मला वाटतं. निजामाच्या राज्यात सरकारची आणि कोर्टाची भाषा उर्दू, १९१८ ला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू, साहेबासमोर जायचं तर साहेबाच्या भाषेत जायचं हे पणजोबांनी शिकून घेतलं. १९४८ ला संस्थान गेलं, भाषा बदलली, साहेबासमोरचा तो अवघडलेपणा मात्र घरातच राहिला, आता उर्दूच्या जागी इंग्लिश आहे एवढंच. म्हणून माझं मत असं की आधी मराठीत नाहीतर हिंदीत, जी तोंडात बसलीय तिच्यात, पूर्ण मुद्दा मांडता आला पाहिजे, कोणी आडवं विचारलं तरी. मग त्याचं इंग्लिश करा, ते जमतं. उलटं केलं की पाठ केलेल्या चार वाक्यांपुढं गाडी जात नाही आणि पहिल्याच प्रश्नाला पंक्चर.

मुद्दा मांडणं म्हणजे काय, तर समजा औसा-निलंग्याकडची एखादी शेतकरी उत्पादक कंपनी प्रोसेसिंगवाल्याकडं सोयाबीन विकायला गेलीय. अध्यक्ष मामा सुरुवात करतात कंपनीच्या स्थापनेपासून, सभासद किती, कोणत्या मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, कोणती योजना मिळाली. समोरच्याच्या डोक्यात तेव्हा वेगळंच चालू असतं, माल किती टन, कधीपासून कधीपर्यंत, हवा म्हणजे ओलावा किती, माती किती, डागी दाणे किती, गाडीभाडं कोणाचं आणि पैसे किती दिवसांत द्यायचे. ओलाव्याचंच घ्या, हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट असते, २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, एवढं त्यावर अडतं. मग मामांनी पहिलंच वाक्य असं टाकलं की आमच्याकडं अमुक टन माल आहे, गोदामात आहे, ओलावा १२ च्या आत आहे, हा मीटरचा कागद, पंधरा दिवसांत पोच करतो, तर पुढचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो की नाही? स्थापनेची गोष्ट त्याला हवी असेल तर तो जेवताना विचारेल. पीपीटीचा पण असाच बाऊ आहे. पॉवरपॉइंट १९८७ ला आलं, म्हणजे त्याच्या आधी पण जगात माल विकला जातच होता, आणि ॲमेझॉनसारख्या कंपनीनं २००४ ला वरच्या मीटिंगमधून स्लाईड काढून टाकल्या, तिथं आधी सगळे गप बसून लिहिलेली नोट वाचतात, मग बोलतात. आपल्याकडं तर लाईटचा भरवसा नाही, एका पानावर आकडे छापून चार कॉपी जवळ ठेवलेल्या बऱ्या.

बाकी कारागिरी आहे ती पण शिकण्यासारखी आहे, ती मी उडवून लावत नाही. एकसुरी वाचणाऱ्याचा चांगला मुद्दा पण मरतो. पहिली दोन-तीन वाक्यं घोटून ठेवावीत कारण धडधड तेव्हाच जास्त असते, एक वाक्य एका माणसाकडं बघून पूर्ण करावं आणि मग दुसऱ्याकडं वळावं, आकडा सांगितला की जरा थांबावं, समोरच्याला लिहून घेऊ द्यावं. मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकावं, पहिल्यांदा लाज वाटते, वाटू द्या. माहिती नसेल तर "हा आकडा आत्ता माझ्याकडं नाही, संध्याकाळपर्यंत पाठवतो" असं म्हणावं आणि खरंच पाठवावा, फेकाफेक केली की पर्चेसवाल्याला लगेच कळतं, त्याचा जन्म त्यात गेलेला असतो. आणि तयारी करताना टाळ्या वाजवणारा मित्र बसवू नका, घरातला सगळ्यात खवचट माणूस बसवा. प्रत्येक घरात एक काका असतोच.

पण मी परत तेच म्हणतो, हे घरच्या घरी किती जण करणार? म्हणून व्यवस्थेनं काय करावं ते स्पष्ट बोलू. इंजिनिअरिंगचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बंद खोलीत एक्स्टर्नलसमोर उरकण्याऐवजी ज्युनिअर पोरांसमोर उघड्यावर होऊ द्या, प्रश्न त्यांनी विचारावेत, मराठीत विचारले तरी चालतील. एमआयडीसीतल्या कंपन्यांनी आपल्या क्वालिटी सर्कलच्या स्पर्धांना जवळच्या पॉलिटेक्निकची पोरं बसवावीत, हॉल आहे, जज आहेत, माईक आहे, खर्च वाढला तर चहाचा. आणि पीएमईजीपी, सीएमईजीपीसारख्या धंद्यासाठीच्या सरकारी कर्जाच्या योजनांत जे ईडीपी म्हणजे उद्योजकता विकासाचं ट्रेनिंग असतं त्यातली मोटिव्हेशनल भाषणं काढून टाकावीत. तिथं आलेल्या बऱ्याच जणांचा प्रोजेक्ट रिपोर्ट कोणाकडून तरी पैसे देऊन करून आणलेला असतो, बँकेत विचारलं की बाबा महिन्याचा हप्ता निघेल एवढा माल किती विकावा लागेल, तर तो रिपोर्टचं पान शोधायला लागतो. ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, रिपोर्ट मिटवून ठेवा, आणि समोर बँकेचा माणूस बसवा. बँकवाले यायला तयार होत नाहीत असं ट्रेनिंगवाले म्हणतीलच. मग तालुक्यातलाच कोणीतरी आणा, ज्यानं कर्ज काढून धंदा केला, दोनदा हप्ते थकवले आणि तरी फेडून दाखवलं, तो बँकेपेक्षा वाईट प्रश्न विचारेल. आणि त्याला मानधन द्या, नुसती शाल नको, मोटिव्हेशनल स्पीकरला जेवढं देता तेवढं.